फट

मराठीचा प्राध्यापक आणि लाकडी खोका यांचा संबंध काय, असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले तेव्हा मला उत्तर सुचले नाही. पण गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या संध्याकाळी, मी मोटारीच्या डिकीत डोके खुपसून, हातात पेटलेली उदबत्ती धरून बसलो होतो, एवढे मात्र खरे.

खोका आमच्या चिरंजीवांचा. बारावीनंतर त्याने कॉलेजला रामराम ठोकला आणि नाशिकला मोटारींत स्पीकर बसवण्याचे काम धरले. बापाने वीस वर्षे लोकांची मुले शिकवली आणि स्वतःचा मुलगा भोंगे बसवतो! त्या दिवसापासून आमच्यात 'जेवलास का?' आणि 'हो' यांपलीकडे संभाषण उरले नव्हते. दिवाळीला तो सावळघाट ओलांडून पेठला येई आणि भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाई. या वेळी तर पाडव्याच्या रात्रीच निघणार होता.

त्या संध्याकाळी अंगणात त्याने गाणे लावले. ठेका घुमण्याऐवजी नुसता फुसफुसू लागला. माझ्या तोंडून निघून गेले, "अरे, तुझा खोका दमेकरी दिसतो!"

तो हसला. दोन वर्षांनी हसला.

मग त्याने मला समजावून सांगितले. सबवूफरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लाटा एकत्र आल्या की एकमेकींना गिळतात आणि खर्जच नाहीसा होतो. म्हणून मागची हवा खोक्यात कोंडायची. ती कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी पडद्याला जागेवर आणते. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ साली याच युक्तीने लहानशा खोक्यातून भारदस्त खर्ज काढून दाखवला. पण खोक्याला फट असली की स्प्रिंग ढिली पडते आणि हवा शीळ घालत पळते.

मी वर्गात यमक समजावतो त्याहून हे सोपे करून सांगितले होते. मनातल्या मनात मी त्याला पहिल्या वर्गात पास केले.

त्याने सेकंदाला तीस आंदोलनांचा एकच सूर लावला आणि मी सांध्यांजवळून उदबत्ती फिरवू लागलो. तारा आत जातात त्या भोकापाशी धूर थरथरला. खालच्या कोपऱ्यात प्लायवूडच्या जोडावर तर तो चक्क नाचला.

मला तारपा आठवला. आमच्या संमेलनात आलेल्या एका वादकाला मी जवळून पाहिले होते. सुकवलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडपानांचा कर्णा. आणि सांध्यांना मधमाशीचे मेण. वाजवण्याआधी तो मेणावरून बोटे फिरवून सांधे चाचपत होता.

"मेण लावू या का?" मी विचारले.

"बाबा, कल्पना बरोबर आहे तुमची. पण उन्हात डिकी तापते, मेण वितळेल."

त्याने स्पीकर उतरवला, आतून सांध्यांवर सिलिकॉन भरले, तारांचे भोक बुजवले, स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी चिकटवली. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा उग्र वास होता. ते पुरते वाळण्याआधी स्पीकर बसवला तर त्या वाफेने त्याची चिकटवलेली जोडणी बिघडू शकते, म्हणे.

"किती वेळ लागेल?"

"चोवीस तास तरी."

म्हणजे त्या रात्री जाणे नाही! भाऊबीज घरीच होणार. एखाद्या वस्तूला वाळायला वेळ लागतो याचा आनंद मला आयुष्यात प्रथमच झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खर्ज असा निघाला की पायाखालची फरशी हलली. पुन्हा उदबत्ती फिरवली. धूर सरळ वर गेला.

"इतका वेळ बाप-लेक कसले बोलत होतात?" सौभाग्यवतींनी विचारले.

"फटींविषयी," मी म्हणालो.

फट बुजवायला अर्धा तास पुरला होता. ती शोधायला मात्र मी दोन वर्षे बसलोच नव्हतो.