काळी पडशील गं!

मैत्रिणींनो, आमच्या अकोल्याचं ऊन तुम्ही ऐकून तरी असालच. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर चढतो आणि भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. कैरीचं पन्हं, वाळ्याचं पाणी, खिडकीला ओला पडदा, सगळ्यात मी तरबेज. उन्हाळ्याबद्दल मला कुणी काही शिकवावं, असं मला वाटतच नव्हतं. गेल्या मे महिन्यात माझ्या चौदा वर्षांच्या लेकीनं मात्र शिकवलं.

तिला खो-खोचं वेड. सुट्टीत सकाळी आठला मैदानावर जायची ती अकराला लालबुंद होऊन परतायची. रोज दारात माझं एकच पालुपद, "अगं, इतक्या उन्हात नको जाऊस, काळी पडशील!" माझी आई मला हेच म्हणायची. त्यात काही वावगं आहे, हे मनातसुद्धा आलं नाही.

एके सकाळी तिनं लिंबाची फोड चेहऱ्यावर आणि मानेवर चोळली आणि तशीच खेळायला गेली. दोन दिवसांत गालावर, मानेवर लाल चट्टे, बारीक फोड आणि मग काळपट डाग! मला वाटलं, उष्णता उठली. डॉक्टरीणबाईंनी मात्र पहिलाच प्रश्न केला, "लिंबू लावलं होतं का?" लिंबातल्या काही द्रव्यांवर उन्हातले अतिनील किरण पडले की कातडी भाजते म्हणे. डाग जायला काही महिने लागणार होते.

"पण लावलंस कशाला?" येताना मी चिडून विचारलं. खाली मान घालून ती म्हणाली, "तूच रोज म्हणतेस ना, काळी पडशील म्हणून."

खरं सांगते, त्या रात्री मला घास गेला नाही. पोरीला उन्हापासून जपायचं सोडून मी तिला तिच्याच रंगाची भीती घालत होते.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते तुम्हालाही सांगते. सावळ्या कातडीला थोडं संरक्षण असतं, पण ऊन तिलाही सोडत नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल, तेव्हा ऊन कडक समजावं. कपडे घट्ट विणीचे, पूर्ण बाह्यांचे हवेत. विरळ कापडातून किरण आत जातात. सनस्क्रीन एसपीएफ ३० चं घ्यावं, चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं, निघण्याआधी १५-२० मिनिटं लावावं. दर दोन तासांनी आणि घाम आला की पुन्हा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र क्रीम नको, सावलीच बरी.

आणि डोळे! आमच्या ह्यांनी धाकट्यासाठी रस्त्यावरून स्वस्तातला काळाकुट्ट गॉगल आणला होता. गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते. काच अतिनील किरण अडवणारी नसेल, तर ते उलट जास्तच आत जाऊ शकतात. म्हणून काचेचा रंग नका पाहू, 'यूव्ही ४००' आहे का ते पाहा, आणि शंका असली तर चष्मेवाल्याकडून तपासून घ्या. जोडीला रुंद काठाची टोपी. माझ्या सासूबाईंचं उभं आयुष्य शेतात गेलं. मोतीबिंदूला वयाबरोबर ऊनही हातभार लावतं, हे मला त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर कळलं.

आम्ही चारपाच आयांनी मग सरांना भेटून सराव सकाळी साडेसहाला करून घेतला. तेवढ्यासाठी पहाटे उठून डबा करावा लागतो, पण चालतं.

डाग आता पुसट झालेत. लेक निघाली की मी दारात एवढंच विचारते, "टोपी घेतलीस? पाणी घेतलंस?" जुनं वाक्य अजून जिभेवर येतं, ते गिळते. तुम्ही तुमच्या दारात लेकीला काय म्हणता, मैत्रिणींनो, ते एकदा ऐकून बघा.