रिमोट कुणाच्या हाती?

‘अनरिअल’ ही अमेरिकी मालिका २०१५ साली आली. तिच्या दोन निर्मात्यांपैकी सारा गर्ट्रूड शापिरो यांनी पूर्वी ‘द बॅचलर’साठी काम केलेले. वधूसंशोधनाच्या रिअ‍ॅलिटी शोमधील स्पर्धक मुलींना कॅमेऱ्यासमोर रडवणे, हे नायिका रेचलचे काम. आरंभीच ती स्त्रीवादी घोषणा छापलेला टी-शर्ट घालून गाडीत आडवी पडलेली दिसते. दृश्य बोलके, जरा जास्तच! आमच्यातील काहींना हे सारे अतिरंजित वाटले, काहींना रेचलची कीव आली. दुसऱ्या पर्वातील (२०१६) पोलिसी गोळीबार मात्र कुणालाच पटला नाही: गोळी कृष्णवर्णीयाला लागते आणि रंगवली जाते रेचलची घालमेल. परंतु पहिल्या पर्वात मेरी ही स्पर्धक आत्महत्या करते, तेव्हा आम्ही काय केले? क्षणभर गप्प बसलो आणि पुढचा भाग लावला. रिमोट रेचलला क्रूर ठरवणाऱ्याच्याच हाती होता.