फायलीतला तो कागद



गेल्या चातुर्मासात आमच्या सासूबाई पहाटे मंदिराला निघताना पायरीवरून पडल्या. वय 82. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात हिमोग्लोबिन 9.4 निघालं.

"पडण्याआधी किती होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी बी.कॉम., चाळीस वर्षं घरचा जमाखर्च लिहिते. पण या प्रश्नाला गप्प बसले. घरी फाईल शोधली. आठ महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट होता, 10.1. बायकांमध्ये 12 च्या खाली रक्त कमी समजतात. मी 'वय झालं, चालायचंच' म्हणून कागद लावून टाकला होता. जिन्यात लागणारा दम, दुपारची ग्लानी, सगळं वयाच्या खात्यावर टाकलं. त्या दिवशी चक्कर येऊनच पडल्या का, हे आता कोण सांगणार?

बाहेर रक्ताचा थेंब नव्हता. पण हाड सांध्याच्या बाहेरच्या बाजूला मोडलं की रक्त मांडीत आतल्या आत साठतं. शिवाय सलाईनने रक्त पातळ होतं, तेव्हा खरा आकडा दुसऱ्या दिवशी कळतो. आईंचा 8.3 झाला, ऑपरेशननंतरच्या सकाळी 7.2. म्हणून तपासणी एकदा करून भागत नाही, परत परत करावी लागते. पूर्वी 10 च्या वर ठेवायला रक्त चढवत. 2011 साली खुब्याच्याच रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला, तेव्हापासून बहुतेक जण 8 पर्यंत थांबतात. छातीत दुखलं, धाप लागली, तर मात्र आकड्यासाठी थांबत नाहीत.

रक्त चढवायचं म्हटल्यावर आई म्हणाल्या, "दुसऱ्याचं रक्त? पाप नाही लागत?"

"आई, कुणाला मारून नाही घेतलेलं. कुणीतरी आपण होऊन दान दिलंय."

बराच वेळ गप्प. मग, "कोण गं तो?" नाव कळत नसतं म्हटल्यावर त्यांनी त्याच्यासाठी णमोकार म्हटला आणि हात पुढे केला. एकच पिशवी, अगदी सावकाश. म्हाताऱ्या हृदयावर भार पडायला नको.

पुढच्या तपासणीत लोह कमी आणि बी-12 ही कमी निघालं. बी-12 भाजी-डाळीत नसतं, आपल्याला ते दूध-दह्यातूनच मिळायचं. आणि आईंनी रसत्यागात दूध-दही सोडून कितीतरी वर्षं झाली होती! गुडघ्यासाठी खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटातून रक्त जातंय का, हेही बघून घेतलं. लोह शिरेतून दिलं, बी-12 ची इंजेक्शनं. कॅप्सूलचं कवच बहुधा प्राण्यांपासून केलेल्या जिलेटिनचं असतं, म्हणून औषध साध्या गोळीत मागून घेतलं. जेवणावर लगेच चहा घ्यायच्या, त्याने लोह अंगी लागत नाही. तो दीड-दोन तास मागे ढकलला, आणि पानात लिंबाची फोड आली.

दुधावरून मात्र दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. शेवटी माताजींना विचारलं, त्यांनी आजारपणात नियम सैल करायला परवानगी दिली, तेव्हा कुठे वाटीभर दही खाल्लं.

तीन महिन्यांनी 11.2. वॉकर घेऊन अंगणात आल्या आणि मला म्हणाल्या, "माझं झालं. तुझं किती आहे?"

मी तपासलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी लॅबमध्ये त्यांनीच धाडलं. 10.8.