शब्दांची सोयरीक

१९७० साली मी पाचवीत गेलो आणि इंग्रजी भाषेशी माझी पहिली गाठ पडली. त्या काळी आमच्याकडे इंग्रजीचा आरंभ पाचवीत होत असे. महाराष्ट्रात ती पहिलीपासून शिकवण्यास २००० साली सुरुवात झाली. आमचे गाव चिपळूणजवळचे. एस.टी.च्या थांब्यापाशी वडिलांचे चहाचे लहानसे दुकान होते आणि शाळेत जाण्यापूर्वी कपबश्या विसळून ठेवणे हे माझे नित्याचे काम होते.

त्याच वर्षी ‘स्ट्राँग’ हा शब्द मला भेटला. वहीत त्याच्यासमोर मी ‘बलवान’ असा अर्थ लिहिला. भीम स्ट्राँग, मारुती स्ट्राँग, बैल स्ट्राँग! शब्द कायमचा ताब्यात आला, अशी माझी समजूत झाली.

एके दिवशी सकाळी आमचे इंग्रजीचे गुरुजी दुकानात आले. त्यांना चहा कडक लागतो, हे वडिलांना ठाऊक होते. पहिला घोट घेऊन गुरुजींनी मला विचारले, “काय रे, या कडक चहाला इंग्रजीत काय म्हणशील?” मी मान खाली घातली. “स्ट्राँग टी,” ते म्हणाले. मी चकित झालो. भीमाचे विशेषण एवढ्याशा कपात कसे मावले, हे मला उमगेना. वडील मात्र हसून म्हणाले, “म्हणजे गुरुजी, आमचा चहाही पैलवान झाला म्हणायचा!”

त्या दिवसापासून मला जणू परवानाच मिळाला. पुढच्या पावसाळ्यात, सहावीत असताना, मी वहीत लिहिले, ‘द रेन इज स्ट्राँग.’ गुरुजींनी लाल रेघ मारली नाही. ते म्हणाले, “आपल्या कोकणातल्या पावसात बळ आहे, हे खरेच. पण इंग्रज वाऱ्याला स्ट्राँग म्हणतो आणि पावसाला हेवी. दणकट पाऊस आणि मुसळधार दोर असे आपण तरी म्हणतो का?” वर्ग हसला, मीही हसलो. मग गुरुजी म्हणाले, “अरे, शब्दांचीही सोयरीक असते. कोणाचे कोणाशी जुळते, ते पाहून ठेवत जा.”

मी एक वेगळी वही केली. स्ट्राँग शब्दाचा एकेक सोयरा तीत येऊन बसू लागला. दोर स्ट्राँग असला तर तो दणकट. वारा स्ट्राँग असला तर सोसाट्याचा. वास स्ट्राँग म्हणजे उग्र, प्रकाश स्ट्राँग म्हणजे प्रखर, पुरावा स्ट्राँग म्हणजे भक्कम आणि इच्छा स्ट्राँग म्हणजे तीव्र. इंग्रजीने एका शब्दावर भागवले, तेथे मराठीने किती निरनिराळे शब्द योजले होते! उलट, आपल्या एका ‘कडक’ शब्दासाठी इंग्रजीला अनेक दारे ठोठवावी लागतात. कडक चहा स्ट्राँग, पण कडक शिक्षक स्ट्रिक्ट. आणि कडाक्याच्या थंडीला तर इंग्रज चक्क ‘कडू’ म्हणतो. एक परकी भाषा शिकता शिकता मी आपलीच भाषा नव्याने पाहू लागलो होतो. पुढे मी मराठी विषय घेऊन एम.ए. झालो, त्याचे बीज कदाचित त्या वहीतच असावे.

पुढे वाचनात आले की, हॅलिडे या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९६६ साली एका लेखात याच चहाचा विचार केला होता. स्ट्राँग आणि पॉवरफुल हे शब्द अर्थाने इतके जवळचे. तरी चहा स्ट्राँगच म्हणायचा आणि मोटार पॉवरफुल. आमच्या गुरुजींनी तो लेख वाचला असेल असे वाटत नाही. पण त्यातले मर्म त्यांनी आम्हांला सोप्या शब्दांत सांगितले होते.

मी स्वतः शिक्षक झालो, तेव्हा मात्र गुरुजींचा हा धडा एकदा विसरलो. सन १९८६ मधली गोष्ट. सातवीच्या वर्गाला मी ‘स्ट्राँग’ शब्दाची वाक्ये करायला सांगितली होती. एका मुलाने लिहिले, ‘आय हॅव स्ट्राँग हंगर.’ मी ते वाक्य मोठ्याने वाचले आणि हसलो. सारा वर्ग हसला. तो मात्र हसला नाही. मुकाट्याने खाली बसला.

मधल्या सुट्टीत मुले डबे उघडून बसली होती. तो एकटाच नळाला तोंड लावून पाणी पीत होता. पाणी प्याला, थोडा थांबला आणि पुन्हा प्याला. माझ्या मनात चर्र झाले. मी त्याला जवळ बोलावले आणि माझ्या डब्यातली भाकरी त्याच्यापुढे ठेवली. खाऊन झाल्यावर तो हळूच म्हणाला, “सर, कडक चहा स्ट्राँग असतो, असे तुम्हीच सांगितले होते. मग कडकडून लागलेली भूक स्ट्राँग का नाही?”

मला उत्तर सुचले नाही. त्याचा तर्क अचूक होता. केवळ इंग्रजीची रीत निराळी होती. आणि भूक तर खरीच होती. मी विशेषण तपासले होते, वाक्य ऐकलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य फळ्यावर लिहिले. त्याच्या शेजारी माझे पावसाचे जुने वाक्य लिहिले आणि दोन्ही चुका एकाच कुळातल्या आहेत, हे वर्गाला समजावून सांगितले. “काल मी हसलो, ते चुकलो,” असेही म्हणालो. या वेळी मुले हसली ती माझ्या पावसाला, आणि त्यांच्यात तोही होता. त्या दिवसापासून माझ्या डब्यात एक भाकरी जास्त येऊ लागली.

कोणता शब्द कोणाशी जुळतो, हे सरावाने कळत जाते आणि तोपर्यंत चुका होणारच. पण चुकलेल्या वाक्यातही कोणीतरी आपल्याशी बोलत असते. ते बोलणे आधी ऐकावे आणि मग शब्द सुधारावा.