रंगाखालील पाठ

विकावयाच्या वस्तूकडे पाहण्याची दृष्टी वापरावयाच्या वस्तूकडे पाहण्याच्या दृष्टीहून निराळी असते. ज्या ओरखड्यावरून वर्षानुवर्षे नजर सहज घसरून जात असे, तोच ओरखडा वस्तू विकायला काढली की डोळ्यांत खुपू लागतो. जुने घर विकण्यापूर्वी भिंतींना चुना काढणे, बैल बाजारात नेण्यापूर्वी त्याची शिंगे साळून रंगवणे, या रीतींना कोणी लबाडी म्हणत नाही. घेणाऱ्यालाही त्या ठाऊक असतात. परंतु या सजावटीची एक सीमा असते आणि तिच्यापलीकडे सजावट म्हणजे दोषावर घातलेले पांघरूण ठरते. ही सीमा नेमकी कोठे आखावी हा प्रश्न जितका बाजाराचा आहे तितकाच नीतीचा आहे. आणि थोडे बारकाईने पाहिले तर तो पाठचिकित्सेचाही आहे.

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या एका लहान विद्यापीठगावात राहणाऱ्या एका निवृत्त पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांपुढे २०२२ साली तो उभा राहिला. त्यांच्याजवळ १९९० सालची लाल माझदा मियाटा होती. दोन आसनांची, उघड्या टपाची ही छोटी स्पोर्ट्‌स कार फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटारप्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. इंजिन केवळ १.६ लिटरचे, शक्ती ११६ अश्वशक्तीची. पण वजन बेताचे आणि वळणावरची चाल इतकी चपळ की विझत आलेला हा मोटारप्रकार तिच्यामुळे पुन्हा तगला. २०१६ साली या मालिकेतील दहा लाखावी गाडी तयार झाली. तेव्हा प्राध्यापकांची गाडी दुर्मिळ नव्हती. ती विकायची होती ती केवळ गुडघे त्या खोल आसनात उतरू देईनात म्हणून.

गाडीच्या रंगाला तीन ठिकाणी इजा होती. पुढच्या बंपरवर बारीक तडे गेले होते. बॉनेटवर खड्यांचे असंख्य टवके होते. आणि डाव्या दारावर, मुठीपासून मागच्या चाकाच्या दिशेने, वीतभर लांबीचा एक तिरका ओरखडा होता. तो खाली उतरत दाराखालच्या पट्ट्यापर्यंत पोहोचला होता. वरवर पाहता या तिन्ही इजा एकाच जातीच्या. परंतु या गाडीचा बंपर लवचिक प्लास्टिकचा आहे. तेथे रंग गेला तर केवळ शोभा जाते. बॉनेट ॲल्युमिनियमचे आहे. त्याला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. दार आणि दाराखालचा पट्टा मात्र पोलादाचा, आणि ओहायोतील हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ पसरतात. ते मीठ ओलाव्यासह पोलादाच्या उघड्या रेषेत शिरले की गंज रंगाच्या आतून पसरत जातो आणि वरच्या पापुद्र्याला फोड आणतो. म्हणजे ज्याला ‘केवळ दिखाऊ’ नुकसान म्हणावे ते दोन ठिकाणी खरोखरच दिखाऊ होते, तिसऱ्या ठिकाणी नव्हते. बाह्य रंगाला भुलू नये असे संतांनी पुन्हा पुन्हा बजावले आहे. पण पोलादाच्या बाबतीत रंग हे भूषण नसून कवच आहे.

प्राध्यापकांच्या कन्येचे मत स्पष्ट होते: दार आणि बॉनेट नव्याने रंगवून घ्यावे, घेणारा पहिल्या मिनिटात जे पाहतो त्यावरच किंमत ठरते. या मतात तथ्य नाही असे नाही. मळलेली, निस्तेज गाडी पाहणाऱ्याला वाटते की ज्याने एवढेही केले नाही त्याने इंजिनाचे तेल तरी वेळेवर बदलले असेल काय? पण हिशेब एवढ्यावर संपत नाही. जुनी वाहने विकणारा व्यापारी रंगकाम घाऊक दराने करून घेतो; घरगुती विक्रेत्याला तेच काम किरकोळ दराने पडते, आणि घातलेला पैसा किमतीत क्वचितच पुरता परत येतो. शिवाय तीस वर्षे उन्हात विटलेल्या लाल रंगाशेजारी ताजा लाल रंग बसवला तर फरक लपत नाही. तो मिसळून घेण्यासाठी शेजारच्या पत्र्यावरही रंगाची फवारणी न्यावी लागते आणि एका दाराचे काम तीन भागांचे होऊन बसते. त्याहून मोठी अडचण अशी की जुन्या गाडीवर एकच नवा कोरा भाग दिसला की जाणता गिऱ्हाईक प्रसन्न होत नाही, सावध होतो. येथे धडक बसली होती काय, ही शंका ओरखड्यापेक्षा महाग पडते.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात जुन्या मोटारींच्या बाजारालाच उदाहरण म्हणून घेतले होते. अमेरिकन बोलीत सदोष गाडीला ‘लेमन’, म्हणजे लिंबू, म्हणतात. गाडीतले गुणदोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना मध्यम किंमत देऊ पाहतो, त्या किमतीला चांगली गाडी विकणे परवडत नाही, आणि चांगल्या गाड्या हळूहळू बाजारातून निघून जातात. या मांडणीला २००१ साली नोबेल सन्मानात वाटा मिळाला. या दृष्टीने पाहता दोष झाकणारा विक्रेता एकाच गिऱ्हाईकाला फसवत नाही. तो सर्व प्रामाणिक विक्रेत्यांचा शब्द स्वस्त करतो.

हा वाद अर्थशास्त्राहून पुष्कळ जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात सिसरोने दोन स्टोइक तत्त्वज्ञांचा मतभेद मांडला आहे. सदोष घर विकणाऱ्याने दोष स्वतःहून सांगावेत काय? डायोजेनिसच्या मते कायदा सांगावयास लावील तेवढे सांगावे; न बोलणे म्हणजे लपवणे नव्हे. अँटिपॅटरच्या मते विकणाऱ्याला ठाऊक असलेले सारे घेणाऱ्यालाही ठाऊक व्हावे. सिसरो अँटिपॅटरच्या बाजूने कौल देतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही भेसळीचा, निकस, वजनात उणा आणि झाकलेला माल विकू नये असा निर्बंध आहे. दोन दूरच्या परंपरा या एका मुद्द्यावर जवळ याव्यात याचे नवल नाही; बाजार दोन्हीकडे होता.

प्राध्यापकांनी दार रंगवण्यास नकार दिला तो मात्र सिसरोसाठी नव्हे. तो ओरखडा त्यांच्या पत्नीच्या हातून पडला होता. साठीच्या उंबरठ्यावर हाताने गिअर बदलायची गाडी शिकण्याचा हट्ट तिने धरला आणि गॅरेजमधून गाडी मागे घेताना दार चौकटीला घासले. त्यानंतर सहा वर्षांनी ती गेली. गिऱ्हाईकाला मूळ रंग मिळावा, झाकलेले काही मिळू नये, असे ते कन्येला सांगत. आणि बापाच्या या तत्त्वनिष्ठेच्या आत काय आहे हे कन्येला न सांगता कळत होते. शोकाने नीतीचा वेष घेतला म्हणजे तो ओळखणे अवघड जाते, कारण युक्तिवाद खरेच असतात. फक्त ते ज्यासाठी मांडले जातात ते कारण निराळे असते.

या गुंत्याची उकल एका उपकरणाने केली. रंगाची जाडी मोजणारे खिशात मावणारे यंत्र मिळते. पोलादावर ते चुंबकीय तत्त्वाने, ॲल्युमिनियमवर भोवरी प्रवाहांच्या आधारे चालते, आणि प्लास्टिकवर बहुधा मुके राहते. कारखान्यातील रंगाच्या सर्व थरांची मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. गाडीचे यथातथ्य टिपण करावे म्हणून प्राध्यापकांनी ते यंत्र प्रत्येक भागावर टेकवले. उजवे दार, मागचे पत्रे, सारे अपेक्षेप्रमाणे. डाव्या दारावर आकडा २६० च्या पुढे गेला. ओरखड्याच्या कडेने भिंग धरून पाहिले तेव्हा लाल थराखाली करड्या अस्तराची पट्टी आणि तिच्याखाली पुन्हा लाल रंग दिसला. ते दार त्यांनी १९९६ साली गाडी घेण्यापूर्वीच कोणीतरी रंगवले होते, आणि ज्याने विकली त्याने ते सांगितले नव्हते. ज्या मूळ रंगाच्या रक्षणासाठी इतका वाद झाला, तो त्या दारावर वरच्या बाजूला कधी नव्हताच.

ग्रंथांच्या अभ्यासकांना हा अनुभव अपरिचित नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती पाठांतरांनी मूळ झाकोळले होते म्हणून. आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये असेही बजावले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतही व्यासांच्या हातची प्रत मिळाल्याचा दावा नाही. उपलब्ध पोथ्यांवरून जितके मागे जाता येते तितकेच संपादक गेले, आणि जेथे पाठ पुरेसा निश्चित नव्हता तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ छापली. ती रेघ ही संपादकीय प्रामाणिकपणाची खूण आहे. ती वाचकाला सांगते की येथवर खात्री आहे, येथून पुढे नाही. इटलीत चेझारे ब्रांदी यांच्या विचाराने घडलेल्या चित्रसंवर्धनाच्या पद्धतीतही हाच न्याय आढळतो: झिजलेली जागा बारीक उभ्या रेषांनी भरतात, त्यामुळे दुरून चित्र सलग दिसते आणि जवळून दुरुस्ती ओळखू येते. दुरुस्ती निषिद्ध नाही. दुरुस्तीचे मौन निषिद्ध आहे.

दाराचे हे गुपित कळल्यावर प्राध्यापकांना मोकळे वाटले असे त्यांनी कन्येला सांगितले. मूळ रंगाचा युक्तिवाद गळून पडला होता आणि उरले होते ते फक्त त्यांचे दुःख. ते गिऱ्हाईकाच्या गळ्यात घालण्याचे कारण नव्हते, आणि रंगाखाली गाडण्याचेही नव्हते. मग निर्णय सोपा झाला. जे मार्जन आहे ते करावे: गाडी धुऊन, विटलेल्या लाल रंगाला पॉलिश करून मेण लावावे. जे रक्षण आहे तेही करावे: दाराखालच्या पट्ट्यावरचा कोवळा गंज घासून, अस्तर देऊन ती रेषा ब्रशने बंद करावी, मग ती ठिगळासारखी दिसली तरी चालेल. जे केवळ आच्छादन आहे ते करू नये. आणि सर्व मोजमापे एका कागदावर लिहून गाडीबरोबर द्यावीत. ओहायोत मालकीपत्रावर विकणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते; पण त्या पत्रावर रंगाच्या इतिहासासाठी रकाना नाही. तो रकाना त्यांनी स्वतः आखला. त्यात लिहिले: डावे दार १९९६ पूर्वी एकदा रंगवलेले, कारण अज्ञात, ओरखडा त्यानंतरचा, गॅरेजच्या चौकटीचा, पट्ट्यावरील गंज यंदा थांबवला, पुढे लक्ष ठेवावे.

गाडी घेतली ती मोटारदुरुस्ती शिकणाऱ्या एका तरुणीने. तिने बॉनेटकडे फारसे पाहिले नाही. गुडघे टेकून पट्ट्याखाली विजेरी मारली, बोटाने पत्रा दाबून पाहिला, कागद दोनदा वाचला आणि गंजापोटी किमतीत काही सूट मागितली. ती तिला मिळाली. जाताना तिने सांगितले की पैसे साठले की सारी गाडी हिरवी रंगवण्याचा तिचा बेत आहे. प्राध्यापकांनी तो बेत शांतपणे ऐकला, आणि तसे केल्यास दाराच्या थरांची नोंद त्या कागदावर पुढे चालू ठेवावी, एवढेच सुचवले. तिने कागद दुमडून मालकीपत्रासोबत ठेवला.