नमाजचा मसला सुटला, दुखण्याचे काय?

सोलापुरात आमच्या मोहल्ल्यातल्या बायका एकत्र बसल्या की हैजचे मसले निघतातच. दहा दिवसांनंतरही डाग दिसला तर नमाज पढायची का? रोजा धरायचा का? गुस्ल कधी करायचा? हे आम्ही आपांना विचारतो, आलिमांना विचारून घेतो. पण ‘हे रक्त का जातेय?’ असे डॉक्टरांना विचारायला फार थोड्या जणी जातात.

आमच्या नात्यातल्या एका खालांचेच घ्या. विड्या वळून त्यांनी चार मुले वाढवली. साठीला आल्या होत्या, पाळी जाऊन सहा वर्षे झाली होती. अचानक कपड्याला डाग दिसू लागला. त्यांनी मसला विचारला. ‘हा इस्तिहाजा आहे, प्रत्येक नमाजच्या वेळी नवा वुजू करा आणि पढत राहा,’ असे उत्तर मिळाले. उत्तर बरोबरच होते. खालांनी एकही नमाज चुकवली नाही, पण दुखणे सात महिने अंगावर काढले. शेवटी सुनेच्या लक्षात आले. तपासणीत पिशवीच्या आतल्या अस्तराचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झाले, रेडिएशनही घ्यावे लागले. अल्हम्दुलिल्लाह, आज खाला आमच्यात आहेत.

हजरत फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांना सतत रक्त जाई. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना त्याबद्दल विचारले. हे हैज नव्हे, शिरेतून येणारे रक्त आहे, असे त्यांना समजावण्यात आले. म्हणजे इस्तिहाजा हे नेहमीच्या पाळीपेक्षा वेगळे काही आहे, हे आपल्याला दीनमधूनच कळते. वेगळे आहे म्हणूनच त्याचे कारण शोधायला हवे.

इथे दोन हिशेबांची गल्लत होते. हनफी फिकहप्रमाणे हैज कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 10 दिवस. हा इबादतीचा हिशेब. डॉक्टरांचा हिशेब निराळा: पाळी साधारण 21 ते 35 दिवसांनी यावी आणि आठवड्याभरात थांबावी. त्यामुळे नवव्या दिवसाचे रक्त फिकहमध्ये हैज असू शकते, पण दर महिन्याला तसेच होत असेल तर दवाखाना गाठावा. नमाजसाठी आपण तारखा लक्षात ठेवतोच. त्याच कागदावर लिहून डॉक्टरीणबाईंना दाखवल्या, तर त्यांचे निम्मे काम होते.

पाळी बंद होऊन पूर्ण वर्ष झाल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी तपासून घ्यावे. बहुतेक वेळा कोरडेपणा किंवा साधा मस्सा निघतो, पण कर्करोग नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही. संबंधानंतर रक्त येणे, दोन पाळ्यांच्या मध्ये वारंवार डाग दिसणे, रक्ताला घाण वास येणे, पाळीत इतके जाणे की चालताना दम लागतो, अशा वेळीही थांबू नये. कारण पिशवीतली गाठ, थायरॉईड, जंतुसंसर्ग, तांबी किंवा रक्त पातळ करणारी गोळी असे काहीही असू शकते.

काही वेळा मात्र सकाळचीही वाट पाहू नये. तासाला एक पॅड भिजतोय आणि असे दोन तास चालले आहे, चक्कर येतेय, बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही, किंवा दिवस गेलेले असताना (पाळी चुकली असली तरीही) रक्तासोबत पोटात जोराने दुखतेय, तर रात्री दोन वाजताही रिक्षा बोलवा. गरोदरपणात नुसता डाग दिसला तरी त्याच दिवशी दाखवावे.

रमजानमध्ये किंवा उमराहला जाताना पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आमच्यातल्या कितीतरी जणी मेडिकलमधून परस्पर आणतात. गोळी चुकली की डाग दिसतो, बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. पण ज्यांना रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा यकृताचा त्रास आहे, त्यांना या गोळ्या धोक्याच्या ठरू शकतात. डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

तपासणीची लाज वाटते, हे आम्ही जाणतो. लेडी डॉक्टर मागता येते, सोबत बहीण किंवा नणंद नेता येते. मुलगी अविवाहित असेल तर तसे सांगावे. सोनोग्राफी पोटावरूनही होते. हजरत आयेशा (रजि.) यांनी अन्सारच्या बायकांची तारीफ केली होती, ती दीनची गोष्ट विचारताना त्या लाजत नसत म्हणून.

उपचारासाठी फार दूरही जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. ग्रामीण भागातल्या कर्करोगाची देशातली पहिली नोंदणी 1987 मध्ये बार्शीतच सुरू झाली. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा मोठा अभ्यास झाला. पिशवीच्या तोंडाची एकदाच एचपीव्ही तपासणी केली, तरी त्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असे 2009 मध्ये त्यातून दिसले. म्हणून काही त्रास नसला तरी तिशीनंतर ही तपासणी विचारून करून घ्यावी.

घरातल्या पुरुषांनाही आमचे सांगणे आहे. अम्मी किंवा बीवी ‘मला दवाखान्यात जायचे आहे’ म्हणाली, तर कशासाठी हे खोदून विचारत बसू नका. पैसे द्या, सोबत जा, बाहेर बाकावर बसा.