चाकांवरचा ओटा

पिंपरी-चिंचवडला कोणी सहलीला जात नाही. तिथे लोक कामावर जातात, मुलाखतीला जातात, भाच्याच्या बारशाला जातात आणि काम उरकले की परततात. मुंबईहून आगगाडीने येणारा प्रवासी देहूरोड मागे पडले की फळीवरच्या पिशव्या खाली काढू लागतो. आकुर्डी, चिंचवड, पिंपरी ही नावे त्याच्या लेखी पुणे जवळ आल्याची खूण, एवढेच. मी ह्याच भागात राहते, पण इथे हिंडायचे म्हणून घरातून निघाल्याचे मलाही आठवत नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र चार-पाच रविवार आम्ही हा पट्टा अक्षरशः पायाखाली घातला, आणि तोही एका ओट्यासाठी!

त्याचे असे झाले. माझ्या सासूबाईंचे माहेर वेंगुर्ल्याचे. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून त्यांचा प्रवास बंद पडला. एस.टी.ची पायरी त्यांना चढवत नाही, हॉटेलातले जेवण मानवत नाही आणि रात्री-अपरात्री परक्या जागी उठायची धास्ती वाटते. "एकदा समुद्र पाहिला असता गं," असे त्या तक्रारीच्या नव्हे, हिशेबाच्या सुरात म्हणत. तेव्हा आमच्या भाऊजींनी एक तोड काढली. घर सोडून जाता येत नसेल तर घरच बरोबर न्यावे! जीपच्या मागे जोडून ओढायचे बारा फूट लांब, सहा फूट रुंद असे चाकांवरचे घर करून घ्यायचे. इंग्रजी वळणाने त्याला 'कॅराव्हॅन' म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनाचे धोरणही जाहीर केले आहे. आपल्याकडे मोठ्या व्हॅनमध्येच संसार मांडण्याची पद्धत अधिक; ओढायचे घर विरळा. पण जीप दाराशी होती आणि दोन बिऱ्हाडांनी मिळून खर्च करायचा होता.

असे घर बांधून घ्यायला दूर कुठे जायला नको. ज्या मुलखात १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स उभी राहिली आणि १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर माळामागून माळ कारखान्यांखाली गेले, त्या मुलखात न मिळणारी वस्तू कोणती? भोसरीच्या गल्ल्यांतून चालावे. एका शेडमध्ये स्प्रिंगा वळत असतात, दुसरीत पत्रा कापत असतात, तिसरीत रंगाचा वास दरवळत असतो. मराठीच्या शिक्षकाला तर इथे शब्दांचेही कारखाने दिसतात. आज आपण ज्या कुठल्याही मालवाहू गाडीला 'टेम्पो' म्हणतो तो शब्द मूळचा एका जर्मन कंपनीचा. १९५८ साली सुरू झालेल्या आणि पुढे आकुर्डीला नांदलेल्या 'बजाज टेम्पो'ने तो आपल्याला दिला. २००५ साली कंपनीने नाव बदलून 'फोर्स मोटर्स' केले, पण लोकांच्या तोंडचा टेम्पो काही हलला नाही.

अशाच एका शेडच्या मालकांनी आमच्यापुढे तीन नकाशे पसरले. खाटा, कपाटे, न्हाणी ह्यांत फारसा फरक नव्हता. फरक होता तो ओट्याच्या जागेत. पहिल्यात ओटा अगदी मागच्या टोकाला, भिंतभर ऐसपैस. दुसऱ्यात तो पुढे, हुकाच्या बाजूला. तिसऱ्यात मध्यावर, बाजूच्या भिंतीला लागून, बरोबर चाकांच्या वर. चित्रात पहिलाच सर्वांत देखणा दिसत होता. तीन बाजूंना खिडक्या, मोठे मोरीचे भांडे, वर मसाल्याची मांडणी. घरातल्या पुरुषमंडळींनी त्यावर लगेच बोट ठेवले.

तेव्हा मालक हसून म्हणाले, "ताई, तुमच्या गावाकडे बैलगाडी होती ना? मागे ओझे जास्त झाले की काय होते?"

"गाडी उलाळ होते," मी म्हटले. किती वर्षांनी तो शब्द तोंडात आला! मागे भार झाला की बैलगाडीची धुरी वर उचलली जाते, तीच ही गोष्ट. एका आसाच्या ओढगाडीत एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा तरी हुकावर यावा, असा ह्या व्यवसायातला ठोकताळा आहे. चाकांच्या मागे ओझे वाढले की हुकावरचा भार हलका होतो, घराचे शेपूट वळवळू लागते आणि वेगात, विशेषतः घाटाच्या उतारावर, ते पुढच्या जीपलाही भेलकांडवते. आणि स्वयंपाकघर म्हणजे ओझ्याचे माहेरघर. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो. त्यावर गॅस, डाळ-तांदूळ, पोळपाट, कुकर! दहा माणसांच्या स्वयंपाकाची हौस शेपटाला बांधून आंबोली उतरायची का, हा प्रश्न होता. उलट, सारे ओझे अगदी पुढे घातले तर बैलाच्या मानेवर जू बसावे तसे ते जीपच्या पाठीवर बसते. म्हणून जड तेवढे आसाच्या आसपास आणि जमिनीलगत ठेवावे, हलके तेवढे वर.

दुसरा प्रश्न अग्नीचा. भाऊजींना विजेची शेगडी हवी होती. पण दीड हजार वॅटची शेगडी म्हटली तर १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी तिला एक तासही पुरत नाही. वरणभात होईल, पोळ्यांच्या वेळी अंधार! म्हणजे गॅस आला. हा वायू हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. म्हणून नळकांडे घराच्या आत ठेवायचे नाही. त्याला बाहेरून उघडणारी वेगळी पेटी हवी, आणि पेटीच्या तळाशी मोकळे भोक हवे. झरोका वर ठेवून समाधान मानणारांनी हे ध्यानात घ्यावे. गाडी चालू असताना शेगडी पेटवायची नाही, आणि बंद खिडक्यांत ऊब यावी म्हणून ती जळती ठेवून झोपायचे तर मुळीच नाही.

तिसरा प्रश्न कुठल्याच नकाशात नव्हता. तो फोडणीचा! परदेशी नकाशे काढणारांनी सुक्या मिरचीचा खकाणा कधी अनुभवलेला नसावा. सहा फूट रुंदीच्या खोलीत मोहरी तडतडली की ठसका शेवटच्या उशीपर्यंत जाणार. पुढे दोन दिवस पांघरुणालाच लसणीचा वास!

ह्याचे उत्तर मला भोसरीत नव्हे, आकुर्डीत मिळाले. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी इनामदार वाड्यानंतरचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरात करते आणि मग पुण्याकडे जाते. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला दिंड्यांचे ट्रक उभे असतात. सासूबाई पाय चालत होते तोवर एका दिंडीबरोबर जात आणि स्वयंपाकाला हात लावत. त्यांनी सांगितले आणि मी पाहिलेही, की त्या ट्रकात कोणी रांधत नाही. ट्रक ही कोठी. पिठाची पोती, तेलाचे डबे, पातेली त्यात. ट्रक पुढे जातो, मुक्कामी चूल खाली मांडली जाते, वर ताडपत्री ताणली जाते आणि चालणारी माणसे येईपर्यंत भाकऱ्यांची चवड तयार होते. चाकांवरच्या स्वयंपाकाचे एवढे शास्त्र आपल्याच दारावरून दरसाल जात असता आम्ही परदेशी नकाशांत डोके खुपसून बसलो होतो. कोठी आत, चूल बाहेर!

मग चूल बाहेर कोणत्या बाजूला? ह्याचा निवाडा चाकणला झाला. तिथे एका गृहस्थांची अशीच गाडी पाहायला आम्ही मोशीवरून, इंद्रायणीचा पूल ओलांडून, नाशिकच्या रस्त्याने गेलो. ज्या चाकणचा चिमुकला भुईकोट फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाइस्ताखानाच्या फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला, तिथे आज मोटारी वाहून नेणाऱ्या लांबलचक ट्रकांचा वेढा असतो. रस्त्याच्या कडेला उभे राहिले की प्रत्येक ट्रकागणिक अंगावर वाऱ्याचा लोट येतो. तिथे उभी असताना माझ्या ध्यानात आले, की आमच्या तिन्ही नकाशांत दार उजवीकडे आहे! नकाशे मूळचे अमेरिकन. तिकडे वाहने उजवीकडून चालतात, तेव्हा उजवे दार कडेच्या गवतावर उघडते. आपल्याकडे तेच दार धावत्या वाहतुकीत उघडणार, आणि दाराशी चूल मांडून बसलेल्या बाईच्या पाठीवरून ट्रक जाणार. नकाशा आरशात धरून पाहायला हवा होता. ते काम ज्याला गाडी चालवायची आहे त्याचे नव्हे, जिला दाराशी उभे राहायचे आहे तिचे!

पुढच्या रविवारी मी शेडच्या फरशीवर खडूने तिसऱ्या नकाशाची आखणी करून घेतली, दार डावीकडे फिरवून. फळ्यावर लिहून हात सरावलेला, रेघा सरळ आल्या. खोक्यांचा ओटा केला आणि आम्ही सगळ्यांनी तासभर त्यात खोटा खोटा स्वयंपाक केला. मी पोळ्या लाटल्या, भाऊजींना त्याच वेळी न्हाणीकडे जायला लावले, मुलांना पाणी मागायला लावले. पहिल्या पाच मिनिटांत दोन ठिकाणी वाट अडली. सासूबाई खुर्चीवर बसून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, ओटा एक हात खाली घे. मला बसून चिरता येईल. आणि तोंड भिंतीकडे नको, दाराकडे कर. जन्मभर भिंतच पाहिली."

शेडमध्ये कोणी काही बोलले नाही. मालकांनी पेन्सिल कानावरून काढली आणि नकाशावर रेघ मारली.

मला वाटते, फिरते घर घेणाराने विचारायचा पहिला प्रश्न हाच. आत किती खण, किती मोठे भांडे हे नंतर पाहावे. प्रवासाला निघालेल्यांपैकी कोण प्रवास करणार आणि कोण नुसते राबणार, हे ओट्याची जागा ठरवते. समुद्राकडे पाठ करून पोळ्या भाजायच्या असतील तर त्या चिंचवडला भाजलेल्या काय वाईट?

आता आमचा ओटा ठरला आहे. चाकांच्या वर, डाव्या दाराला लागून. पत्रा पोलादी, कारण दगडी फरशीचे वजन परवडायचे नाही. त्यातला अर्धा भाग बसून काम करण्याइतका खाली. दोन चुलींची शेगडी सरकत्या फळीवर, दाराबाहेर येणारी, वर ताडपत्री. पावसात चहापुरती एक लहान चूल आत, खिडकीशी. खणांना कड्या, म्हणजे वळणावर डबे अंगावर यायचे नाहीत. भोसरीत सांगाडा उभा राहिला आहे, पत्रा चढायचा आहे.

सासूबाईंनी मिसळणाच्या डब्याचे माप मागवून घेतले आहे. ते ओट्याच्या खालच्या खणात बरोबर बसते म्हणतात. त्यातली एक वाटी त्यांनी आत्तापासून रिकामी ठेवली आहे; कोकमे तिकडचीच घ्यायची आहेत.